न धुतलेली शाल

३ फेब्रुवारी

विहीणबाई,

तर सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? बेकरीवाली! मागच्या खेपेला तुम्हाला शिळा पाव ताजा म्हणून खपवला होता ना, तीच. चिमणीने खालच्या दारावर कागद काय लावला, "घाबरट मांजरीसाठी धीराचं घर हवं आहे", तर ही बया पिठाच्या हातांनीच जिना चढून वर. आल्या आल्या माझ्या कपाटासमोर आडवी पसरली आणि सुरू झाली, "ये ये ये, माझी राणी, ये ये ये!" मी म्हटलं, अहो, मांजर आहे ते, रिक्षा नाही.

पण मी शेंडा आधी सांगितला, बुडखा राहिलाच. मेली ही जीभ आहे तशीच माझी लेखणी. फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहायचं, आणि पत्रात मी निम्मं सांगायचं विसरायचं!

आपल्या नातीने प्राण्यांच्या शेल्टरमधून एक मांजर घरी आणलंय. (आपण तिला चिमणी म्हणायचं आणि तिने मांजरं सांभाळायची. हसावं की रडावं?) राखाडी रंगाची आहे, एका कानाचा शेंडा तुटलेला, आणि डोळे एवढे मोठे की बाकीचं मांजर डोळ्यांच्या मागे लपल्यासारखं वाटतं. कुणी मेल्याने घर सोडताना तिला आत तशीच कोंडून कुलूप घातलं होतं. शेल्टरमध्ये कुत्री सगळी एकदम भुंकतात, तिथे हिने अन्न सोडलं. म्हणून चिमणीने तात्पुरती इकडे आणली. तात्पुरती म्हणजे पुढच्या महिनाअखेरीला चिमणी शिकायला परगावी जाईल तोवर. तेवढ्यात घर मिळालं तर ठीक, नाहीतर पुन्हा त्या भुंकण्यात. आल्यापासून माझ्या कपाटाखाली दडलीय. रडत नाही, ओरडत नाही, साधं म्यावसुद्धा करत नाही, म्हणून नाव ठेवलंय अळीमिळी.

मी म्हटलं, अगं, माझ्याकडेच राहू दे की. तर म्हणे, "आजी, खाली मामाचं वर्कशॉप आहे. करवत सुरू झाली की ती थरथरते. आणि वर तू आहेस." मी आहे म्हणजे काय? "तू बोलतेस, आजी." घ्या! सख्ख्या आजीला ही पावती.

आता त्या शेल्टरची रीत ऐका. ज्यांना मांजर हवं त्यांनी येऊन नुसतं जमिनीवर बसायचं. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. इथे पाहुणे मांजर बघत नाहीत, मांजर पाहुणे बघतं. आणि जाताना आपलं अंगावरचं एक वापरलेलं कापड ठेवून जायचं, म्हणजे तिला त्या माणसाच्या वासाची सवय होते. बेकरीवालीने ॲप्रन ठेवला. शी! परक्या बाईचा मळका ॲप्रन माझ्या घरात? तिची पाठ वळली तशी मी तो साबणात बुडवला. वाळवला, इस्त्री केली, घडी करून कपाटाखाली सरकवला. चिमणी कपाळाला हात लावून बसली. मला आधी कुणी सांगितलं का वास हवाय म्हणून? मला वाटलं कापड हवंय.

पण खरी गंमत पुढेच आहे. अळीमिळीने सगळी फडकी झिडकारली आणि झोपते कशावर माहीत आहे? माझ्या शालीवर! ती हो तपकिरी, एका कोपऱ्यात पिवळ्या धाग्याने रफू केलेली. कपाटात तळाशी पडली होती, मी खाली तिच्यापुढे सारली. नाक खुपसून झोपते तीत. शालीला वास कसला, तर तेलाचा, माझ्या शिलाई मशीनच्या तेलाचा. खुर्च्यांच्या खोळी शिवून शिवून माझ्या हाडांतही तेच तेल मुरलंय म्हणा. म्हणजे बघा, बाहेर येत नाही, पण मनाने ती माझीच झालीय. चिमणीला आत्ताच सांगणार नाही. येऊ देत पाहुणे, जाऊ देत. आपण गप्प.

व्याह्यांना नमस्कार. ते उलटून काही बोलले तर कळवा.

तुमची,
मशीनवाली आजी


८ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र पोहोचलं. चार वेळा वाचलं.

ती तपकिरी शाल माझी आहे. चिमणी तुमच्याकडे राहायला निघाली तेव्हा मीच तिच्या बॅगेत घातली होती. कोपरा फाटला होता, घरात तपकिरी धागा नव्हता, म्हणून पिवळ्याने रफू केलं. त्या रफूत शेवटी एक गाठ आहे, ती उलट्या बाजूने आहे. बघून घ्या.

राग मानू नका. तुमच्या घरातली वस्तू तुमचीच वाटणार. चिमणीचंही तसंच झालंय. आमची नात आहे ती, पण जेवते तुमच्या ताटात, केस तुम्ही विंचरता, आजारी पडली की कपाळावर हात तुमचा. मला वर्षातून दोनदा तिचा फोटो येतो, त्यातही निम्म्यात तुमचा खांदा असतो.

तेव्हा त्या मांजरीने न बघता माझी शाल धरली, हे वाचून मला बरं वाटलं. लपवून काय करायचं?

आमच्याकडे शांतता आहे. मला कमी ऐकू येतं म्हणून मी कमी बोलते आणि हे तर मुळातच शब्द जपून वापरणारे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडून बसतात. चिमणी लहानपणी मला घड्याळवाली आजी म्हणू लागली. घड्याळं यांची, नाव मला. पण म्हटलं असू दे, यांना कुठे हवंय.

मांजरीला खायला घालताना बोलू नका, एवढं माझं ऐका.

घड्याळवाली आजी


१२ फेब्रुवारी

विहीणबाई,

गाठ बघितली. उलट्या बाजूने आहे. तुमची तर तुमची बाई, शाल काय कुणी माहेरून आणते की सासरी सोडून जाते! पण एक सांगते. ती शाल इतके महिने माझ्या कपाटात, माझ्या मशीनशेजारी राहिली. मुलगी एकीची असली तरी वळण लावलं कुणी हेही बघायचं असतं. वास माझाच आहे. तुमच्या घरी कुठे मशीन आहे?

असो. मी मुळीच मनाला लावून घेतलेलं नाही. सगळ्यांना विचारा, मी कशी हसतखेळत आहे ते. धाकटा तर काल करवत थांबवून खालून ओरडला, "आई, भांडी आपटू नकोस, गिऱ्हाईक घाबरतंय!" मी भांडी आपटत नव्हते. भांडी माझ्या हातून आपटत होती.

दुसरा पाहुणा आला. बस चालवतो, सात नंबरची. बायको गेली, मुलं लांब. चांगला माणूस हो, उगाच कशाला खोटं सांगू! आला, बूट बाहेर काढले, भिंतीला पाठ लावून बसला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला, जसा काही सिग्नल हिरवा व्हायची वाट बघतोय. मी विचारलं, काही घेणार का? बोट ओठांवर ठेवलं त्याने. माझ्याच घरात मला! पण काय सांगू, कपाटाखालून आधी मिशा आल्या, मग नाक, मग तो तुटका कान. हे सगळं मी दारातून बघितलं. इतके दिवस मी तिच्यासाठी पोटावर झोपते, माझं कंबरडं मोडलं, मला फक्त शेपटीचं टोक दिसलं होतं. आणि हा आला, खिडकीबाहेर बघितलं, आणि मिशा!

जाताना त्याने गळ्यातला मफलर ठेवला.

तो मफलर मी धुतला.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला तर सांगितलं होतं की वास हवाय. सांगितलं होतं. पण त्यावर बसचा धूर होता हो, तेवढ्याने जिवाला अपाय झाला असता. पुढच्या वेळी तो आला, पुन्हा खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा भिंतीला पाठ. मिशीचा केसही दिसला नाही. मग चिमणीने त्याला शेल्टरमधला एक म्हातारा बोका दिला, तो त्याच्या मांडीवर चढूनच घरी गेला म्हणे. त्याचं भलं झालं, माझं काही वाईट झालं नाही. चिमणी मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. केस स्वतःच विंचरते. हे वाचून तुम्हाला आनंद होईल म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि खायला घालताना मी बोलत नाही. गुणगुणते. गुणगुणणं म्हणजे बोलणं नव्हे.

तुमची,
मशीनवाली आजी


१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

आनंद झाला नाही. खोटं कशाला, थोडा झाला.

मफलर धुराने मळला होता म्हणून धुतलात हे मी मान्य करते, कारण तुम्ही लिहिलंत. पण हातचा असा माणूस घालवायला नको होता. पुढच्या महिन्यात चिमणी गेली की त्या मांजरीला कुणी उरणार नाही. तुम्ही, मी, आपण आपापल्या जागी रुसून बसू शकतो. तिला बसायला कपाटाखालची जागा आहे, तीही उसनी.

मी विचार केला आहे. मांजर आम्हीच घेऊ. आमच्या मागच्या खोलीला खिडकी आहे, खाली कुणाचं वर्कशॉप नाही, येणारंजाणारं कुणी नाही. यांना विचारलं. मान हलवली. माझी शाल तिने धरलीच आहे, तेव्हा माझी ओळख झाल्यात जमा. येऊन जमिनीवर बसायला मी तयार आहे, गुडघे काय म्हणायचे ते म्हणोत.

कधी येऊ ते कळवा. शाल तिच्यापाशीच राहू द्या.

घड्याळवाली आजी


२१ फेब्रुवारी

विहीणबाई,

पत्र मिळालं. एवढ्यात यायची घाई नको. इकडे हवा बरी नाही, जिन्याचा कठडा हलतोय, धाकटा सुतार असून दुसऱ्यांच्या खुर्च्या करतो आणि घरचा कठडा तसाच. तुम्ही पडलात बिडलात तर?

दुसरं म्हणजे, शाल जरा धुतली गेली.

म्हणजे चिमणीने कपड्यांचा ढीग मशीनमध्ये टाकला त्यात गेली. कपडे धुवायच्या मशीनमध्ये. मुलांचं लक्ष कुठे असतं! मी म्हटलंही, अगं बघून टाक. तुम्ही मला काही बोलू नका, मला आधीच बरं वाटत नाहीये.

अळीमिळी शालीवर झोपत नाही. शालीकडे बघतही नाही. मी शालीच्या कोपऱ्याला माझ्या शिलाई मशीनचं तेल थोडं चोळून बघितलं. ती शिंकली. तीनदा शिंकली आणि कपाटाच्या पार आतल्या कोपऱ्यात गेली, जिथे झाडूही पोहोचत नाही. काल ताटली होती तशीच उचलली. आजही. चिमणी बोटाला मऊ खाणं लावून हात आत घालून पडून राहते. हात सुन्न होतो पोरीचा, तेव्हा कुठे अळीमिळी दोनचार बोटं चाटते.

मी गुणगुणणं बंद केलंय.

विहीणबाई, एक काम करा. तुमचं एखादं कापड पाठवून द्या. चादर, उशीची खोळ, काहीही. कसं सांगू… मळकं पाठवा. न धुतलेलं. मी कधी कुणाकडे असं मागितलं नव्हतं हो, आणि मागायची वेळ आली ती तुमच्याकडे. घाई करा.

तुमची,
मशीनवाली


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

सोबत माझ्या उशीची खोळ आहे. पिशवीला गाठ मारली आहे, ती फक्त चिमणीने सोडावी.

आमची नात कपडे धुऊ लागली हे वाचून समाधान वाटलं. ती आमच्याकडे होती तेव्हा रुमालसुद्धा खुर्चीवर सोडून जायची. तुमच्या घरी शिस्त लागली म्हणायची.

खोळ मी मुद्दाम बदलली नव्हती. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हापासूनच. का ते विचारू नका. तुमच्या कपाटाखाली माझी शाल आहे हे वाचलं आणि मला वाटलं, उद्या लागलीच तर असावी जवळ. या वयात माणसाला कुणीतरी वासावरून ओळखावं, ही काही छोटी गोष्ट नाही.

खाल्लं की लगेच कळवा.

घड्याळवाली आजी


१ मार्च

विहीणबाई,

खोळ पोहोचली. चिमणीनेच गाठ सोडली, मी लांब उभी होते, हात पाठीमागे बांधून, चोरासारखी.

अळीमिळीने खोळीचा वाससुद्धा घेतला नाही!

खरं सांगते, आधी माझ्या मनात उकळ्या फुटल्या. म्हटलं, बघा, शाल माझी नाही तशी तुमचीही नाही! आपण दोघी एका माळेचे मणी. मी चिमणीला म्हटलंसुद्धा, "तुझ्या घड्याळवाल्या आजीचंही काही चाललं नाही हो!" चिमणी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात ती ताटली होती. भरलेली. मग माझ्या उकळ्या गार झाल्या. असल्या आनंदाचं काय लोणचं घालायचंय?

डॉक्टर येऊन गेली. सुईने पाणी दिलं. म्हणाली, दुखणं काही नाही, भीती आहे. भीतीला औषध नाही, धीर आहे. मग म्हणाली, आधी कशाशेजारी खायची, तेच परत द्या. ते कुठून देऊ? तो साबण गटारातून गेला, त्याला काय हाका मारू?

ती शाल चिमणीने मशीनमध्ये टाकली नव्हती. तुम्हाला ते कळलंच होतं, मला माहीत आहे. तुमच्या पत्रातला तो रुमाल मला चांगला टोचला. पण मी लिहिलेलं एकदा लिहिलं, आता खोडत बसत नाही.

या तुम्ही. कठडा धाकट्याने ठोकला, मी उभी राहून ठोकून घेतला. दोघंही या, व्याह्यांना एकटं ठेवून त्यांच्या जेवणाचे हाल कशाला? मी बोलणार नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, खरंच बोलणार नाही.

तुमची,
मशीनवाली


९ मार्च

विहीणबाई,

आम्ही सुखरूप पोहोचलो. रस्ताभर हे काही बोलले नाहीत, ते नेहमीचंच. मीही बोलले नाही, ते मात्र रागाने.

तुमच्या जमिनीवर मी दोन तास बसले. गुडघे अजून सांगतायत. खोळ पाठवली, डोळे खिडकीला लावले, श्वास धरून ठेवला. आणि काय मिळालं ते तुम्ही बघितलंत. मग मी उठून खाली तुमच्या धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. त्याने मला एक नवी खुर्ची दिली, विचारलं नाही काही. चांगला मुलगा आहे. पुढचं सगळं वर काय घडलं ते मला चिमणीने जिन्यात सांगितलं, आणि ते ऐकून मी परत वर आले नाही, कारण माझं तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर यांना विचारलं, "ती शाल तुम्ही कधी पांघरायचात?" म्हणाले, "हिवाळ्यात. गुडघ्यांवर. तू झोपलीस की काम करताना." एवढं वाक्य मला वर्षात ऐकायला मिळालं नव्हतं. रफू मी केलं, बॅगेत मी घातली, आणि पांघरली यांनी. घड्याळाचं तेल त्यांच्या बोटांना. मी मात्र त्या खोळीवर उगाच डोकं ठेवून बसले होते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते मांजर त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होतं म्हणे, तसं त्यांच्याकडे बघायचं मला कधी सुचलं नाही. हेवा कुणाचा करावा तेच कळेना.

हे सकाळपासून मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी ठोकतायत. एका स्टुलावर चढून. बहात्तराव्या वर्षी. मी धरून उभी राहते.

जाळी झाली की येऊ. दिवस तेव्हा ठरलाच आहे.

तुमची,
घड्याळवाली, नावापुरती


१२ मार्च

अहो माझ्या विहीणबाई,

तुम्ही चिमणीकडून ऐकलंत, तेही जिन्यात, तेही तुमच्या कानांनी. म्हणजे निम्मं गेलं. आता माझ्याकडून ऐका. मी त्या दिवशी गप्प राहिले ते सगळं साठून राहिलंय, आज नाही काढलं तर पोट फुगेल.

तुम्ही रागाने खाली गेलात. मी दारात. चिमणी पलंगावर, पाय वर घेऊन. आणि व्याही कुठे? ते तर आपल्या लक्षातही नव्हते! आल्यापासून माझ्या मशीनपाशी बसले होते. माझ्या मशीनचं चाक कुरकुरतं, ते त्यांना जाताजाता ऐकू आलं असणार. मला न विचारता खिशातून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढला, तेलाची बाटली काढली, आणि मशीनच्या बुडाशी जमिनीवर मांडी घालून बसले. मांजर बघायला आले आहेत याचा त्यांना पत्ताच नसावा. हाक नाही, बघणं नाही, हात पुढे करणं नाही. शेल्टरची सगळी रीत तो माणूस कुणी न शिकवता पाळत होता. आपण दोघी ती पाळायचा अभ्यास करत होतो.

आधी नाक आलं. मग कान. मग, विहीणबाई, सगळीच्या सगळी आली. ती एवढी लांब आहे हे मला माहीतच नव्हतं! पोट जमिनीला घासत, थांबत, थरथरत, मशीनच्या पायापर्यंत आली आणि व्याह्यांच्या कोटाच्या बाहीत तिने नाक खुपसलं. अगदी शालीत खुपसायची तसं. त्या बाहीला तेलाचा डाग आहे, तुम्ही तो काढायचा प्रयत्न केला असेल, काढू नका. व्याही हलले नाहीत. स्क्रूड्रायव्हर हवेत तसाच. आणि मग ती म्हणाली, म्याव.

एकदाच. गंजलेल्या बिजागरीसारखं.

चिमणी रडली. मी तोंडात पदरासारखं ओढणीचं टोक कोंबलं, कारण मला ओरडायचं होतं. खाली करवत सुरू झाली, त्याच क्षणी, धाकट्याला वेळ कळत नाही. अळीमिळी दचकली, पण पळाली नाही. बाहीतच जास्त आत गेली. मग चिमणीने ताटली सरकवली आणि तिने खाल्लं. मान खाली घालून, घाईघाईत, उपाशी लेकरासारखं. मी तुम्हाला सांगते, मी आयुष्यात कितीजणांना जेवू घातलं, कुणाचं खाणं मी असं बघत उभी राहिले नव्हते.

आणि त्याच वेळी माझं काळीज कसं जळत होतं तेही सांगते. मी पोटावर झोपले, मी गुणगुणले, मी ताटल्या भरल्या, आणि ती आली कुणाकडे, तर ज्याने तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही त्याच्याकडे. मग तुम्ही आठवलात, खाली नव्या खुर्चीत तोंड फुगवून बसलेल्या. म्हटलं, चला, जळायला सोबत आहे. एकटीने जळलं की करपतं, दोघींनी मिळून जळलं की निदान शेकायला होतं.

माझं मशीन आता लोण्यासारखं चालतं. आवाजच नाही. सवयीने मी मधूनमधून थांबून बघते, चालू आहे ना.

चिमणी परत माझ्याकडून केस विंचरून घेते. ती शिकायला जाईल ते गाव नकाशात बघितलं मी. तुमच्यापासून जवळ, माझ्यापासून लांब. सुट्टीला मांजर बघायच्या निमित्ताने ती तुमच्याकडेच येणार, हे मला कळतं, मी काही दुधखुळी नाही. नात गेली, मांजर गेलं, आणि दोन्ही एकाच घरात. बघा बाई, तुमच्या पारड्यात किती टाकलं देवाने! पण तुम्हीही व्याह्यांना मांजरीशी वाटून घेताय आता, तेव्हा हिशेब सरळ धरायला हरकत नाही. फोटो पाठवाल त्यात तुमचा खांदा आला तर मी काही म्हणणार नाही.

आता एक शेवटचं. माझा करडा स्वेटर आहे, बाहीला भोक पडलेला. तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी तोच घालते. झोपतानाही. धुतलेला नाही. धाकट्याची बायको नाकाला रुमाल लावते, लावू दे. अळीमिळीच्या टोपलीत तो खाली घालून देणार आहे. सगळ्यात तळाशी, व्याह्यांच्या वासाच्या खाली. तिला लागला नाही तरी चालेल, पण असू दे. मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवा. आणि विहीणबाई, तुमच्या साबणाची शपथ घ्या तुम्ही, तो धुवायचा नाही.

बाकी भेटीत. मी गप्प बसायचा सराव करतेय, चिमणी म्हणते प्रगती आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी येतो म्हणालात. व्याह्यांनी मान हलवली होती, म्हणजे गुरुवार पक्का.

तुमची,
मशीनवाली आजी